कोरडी डावी बाजू

मागच्या हिवाळ्यात एका बाईंनी रोपवेवर कामाला असलेल्या असानालीला पत्र पाठवून विचारलं होतं, काराकोलच्या डोंगरावर भुसभुशीत बर्फ कधी असतो, आणि रोपवेवर एकटीला खुर्ची मिळेल का. मिळत असेल तर त्या त्याच्याच घरी भाड्याने खोली घेणार होत्या. असानालीने उत्तर दिलंच नाही.

बर्फाचं त्याला झोपेतही सांगता आलं असतं. डिसेंबरात स्कीला खालचे खडे लागतात, फेब्रुवारीत गुडघाभर पिठासारखा बर्फ, मार्चमध्ये दुपारी सगळं पचपचीत. अडलं होतं ते खुर्चीपाशी.

पायथ्याशी उभा राहून तो खुर्च्यांवरचा बर्फ झाडूने झटकत असे. हिमवर्षाव सुरू असला की दोन जणांच्या त्या खुर्च्या पांढऱ्याशुभ्र होऊन खाली येत. एकीची डावी बाजू मात्र कोरडी असे, आणि एकट्याने आलेल्याच्या वाट्याला नेमकी तीच येई.

"अहो, तुमच्या खरेपणापायी खोली रिकामी राहिली," बायको बुबुसारा म्हणाली. "यंदा त्यांचं पुन्हा पत्र आलंय, याही वेळी तेच करणार? आधी स्वतः बसून तरी बघा. आणि हे कुरुत खिशात असू द्या. कोणी भेटलंच, तर रिकाम्या हाताने बरं दिसत नाही."

तो त्या खुर्चीत उजवीकडे बसला. एकटा माणूस बसला की खुर्ची त्याच्या बाजूला कलते. ही कलली नाही.

असानाली मुळात लाजाळू. शेजारी बघायचा धीर होईना, पण काही न देता बसणंही बरं वाटेना. खिशातलं कुरुत, सुकवलेल्या दह्याचा तो दगडासारखा गोळा, त्याने हळूच डावीकडे ठेवलं.

अर्ध्या वाटेवर कडकन चावल्याचा आवाज आला.

"म्हणजे दात चांगले आहेत," घरी सगळं ऐकून बुबुसारा म्हणाली. "लिहा आता."

त्याने लिहिलं, 'फेब्रुवारीत या. एकटीला खुर्ची मिळणार नाही, पण सोबत अबोल आहे. उजवीकडे बसावं.' आणि पत्र पेटीत टाकलं.