मिहिरचं बारसं

ज्ञानेश्वरीचं पहिलं बाळ दगावलं होतं, म्हणून सासूबाईंना या मुलाचं नाव धोंडू हवं होतं. "दगडाला यम हात लावीत नाही गो." तिने मात्र मिहिर ठरवलं. मिहिर म्हणजे सूर्य. नाव मूळचं इराणकडचं.

भाट्ये गावातल्या घरी बारशाला, रिवाजाप्रमाणे, कुंची घातलेला वरवंटा आधी पाळण्याखालून फिरवला. बाळाची आत्या हसली, "थांबा गो, पहिलं ह्याचंच नाव ठेवते!" आणि दगडाला कुर्र करून म्हणाली, "मिहिर."

बायका खिदळल्या. मग आत्याने तेच नाव ज्ञानेश्वरीच्या मांडीवरच्या बाळाच्या कानात सांगितलं. बाळ हललं नाही.

"मिहिर!" ज्ञानेश्वरीने घाबरून हाक मारली.

आत्याच्या काखेतला वरवंटा रडू लागला.

ज्ञानेश्वरीला पान्हा फुटला. मांडीवरचं बाळ गार होत चाललं होतं, आणि तिचे हात वरवंट्याकडे गेले.