टेबलापाशी बसलेली बाई

बाबांचा विसराळूपणा वाढला तेव्हा डॉक्टरांनी एक सोपा उपाय सांगितला. ते त्यांच्या घरी एकटे, मी माझ्या घरी एकटी. दोघांनी एकच सिनेमा पाहायचा, फोनवर त्याबद्दल बोलायचं आणि बाबा काय चुकतात ते मी वहीत टिपायचं.

एका रविवारी जुना सिनेमा, पुढच्या रविवारी नवा. नव्यांवर बाबांचा राग. "कॅमेरा जागेवर म्हणून राहत नाही. जुन्यात निदान माणसं वाक्य तरी पूर्ण करायची." गोष्ट मात्र त्यांना नावागावासकट आठवते.

चूक एकच. प्रत्येक सिनेमात त्यांना टेबलापाशी लिहीत बसलेली एक बाई दिसते. मी सगळे सिनेमे पुन्हा तपासले. अशी बाई एकातही नाही. वहीत चार नोंदी झाल्या.

आज दुपारी ते म्हणाले, "बाकी सगळे ठोकळे. ती बाई तेवढी बरी. हिरवा स्वेटर, कोपराला उसवलेला. दोन टाके घालायला काय होतं?"

मी वहीवरून कोपर उचललं. माझ्या अंगातला हा स्वेटर बाबांनी कधी पाहिलेला नाही.

म्हणजे बाबा चुकत नव्हते. मला हायसं वाटायला हवं होतं.

"बाबा, ती काय लिहिते?"

"मला इतक्या लांबून कसं दिसणार, वेडाबाई?" ते हसले. "तिच्या मागे उभा राहून तो वाचतोय ना, त्याला विचार."