उजवी वर, डावी खाली

क्लिफर्डने विमानाच्या पंखावरचं कापड तिसऱ्यांदा सोलून काढलं, तेव्हा नॉर्मन नुसता बघत होता. शेडच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तो चहा पीत राहिला.

"शिवण वाकडी गेली," क्लिफर्ड म्हणाला.

गेली होती खरी, चांगली बोटभर. पण या माणसाने उभा जन्म हवाई दलाची विमानं दुरुस्त करण्यात घालवला होता. त्याच्या हातून एकाच पंखाची शिवण तीनदा वाकडी जाते? नॉर्मन मनात म्हणाला, गड्या, हे मुद्दाम चाललंय.

पहिल्या महायुद्धातल्या एस.ई.फाइव्ह या दुपंखी लढाऊ विमानाची ती प्रतिकृती होती. पंख माणसाच्या उंचीपेक्षा लांब, आणि रिमोटवर उडणारी. क्लिफर्डची बायको गेली त्या वर्षी त्याने पहिली फळी कापली. तेव्हापासून दोघा म्हाताऱ्यांची संध्याकाळ शेडमध्येच जायची. किटली तिथेच, बिस्किटं तिथेच. नॉर्मनचंही घर रिकामंच होतं. घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं.

मग क्लिफर्डच्या मुलीने, गिलियनने, टुमणं लावलं. बाबांनी लिंकनशायरमधलं घर विकावं आणि लीड्सला तिच्याकडे राहायला यावं. खालची खोली तिने रंगवूनही ठेवली. क्लिफर्ड म्हणाला, "विमान उडालं की येतो."

नॉर्मनला यातलं मर्म लगेच कळलं, निदान त्याला तसं वाटलं. या सपाट मुलखात कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. हवेबद्दल तासभर बोलतील, पण पोटातलं ओठांवर येणार नाही. विमान उडेपर्यंत मुदत मागायची आणि विमान काही पुरं होऊ द्यायचं नाही. नॉर्मनला हसू आलं आणि मित्राची दयाही आली. या वयात घरातून उपटून नेणं म्हणजे जुनं झाड कुंडीत लावणं. आणि क्लिफर्ड गेल्यावर आपण संध्याकाळी कुठे जायचं, हा विचार आला की तो उगाच किटली पुन्हा भरून ठेवायचा.

पण वसंत आला आणि विमान पुरं झालं. दुसऱ्या दिवशी उडवायचं ठरलं. रिमोट चार्ज करायचं काम नेहमीप्रमाणे नॉर्मनकडे होतं. त्याने रिमोट घरी नेला.

सकाळी जुन्या धावपट्टीवर तिघंच होते. गिलियन गाडीला टेकून उभी होती. तिच्या सासूबाई पडल्या होत्या, त्यांना इस्पितळातून कुठे न्यायचं हे आजच्या आज ठरवायचं होतं, म्हणून फोन हातातच होता. क्लिफर्डने दाढी केली होती, टाय लावला होता. नॉर्मनला ते बघवलं नाही. फाशी जाणारा माणूसही असाच नीटनेटका होऊन जात असेल, असं त्याला वाटलं.

उड्डाणाआधी एकाने पंखापाशी उभं राहून झडपा, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, बघायच्या आणि मोठ्याने सांगायचं, ही छोटी विमानं उडवणाऱ्या त्यांच्या क्लबाची रीत. रिमोट धरणारा त्याच्या शब्दावर विसंबतो. क्लिफर्डने कळ उजवीकडे दाबली. त्याचे डोळे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या खांबावरच्या पिशवीकडे होते.

"उजवी वर, डावी खाली," नॉर्मन म्हणाला. "बरोबर."

विमान गवतावरून धावलं आणि झकास उचललं गेलं. मग वाऱ्याने ते जरासं डावीकडे कललं. क्लिफर्डने उजवीकडे दाबलं, तर ते आणखी डावीकडे कललं. त्याने जोर लावला, तसं ते उलटं झालं आणि बीटच्या शेतात नाक खुपसून पडलं.

क्लिफर्डने रिमोट गवतावर ठेवला.

काल संध्याकाळी रिमोटमधली झडपांची दिशा नॉर्मननेच उलटी केली होती, आणि आज उजवी खाली जाताना दिसत असूनही 'बरोबर' म्हटलं होतं. पडलेलं विमान बघून त्यालाही रडू आलं. पण पंखच मोडले होते, धड शाबूत होतं. दोन हिवाळ्यांचं काम. म्हणजे आणखी दोन हिवाळे क्लिफर्ड आपल्या घरात राहील. मैत्रीसाठी माणूस एवढं तर करतोच.

गिलियन बापाजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, तुमच्या मनात नाही हे मला कधीचं कळत होतं. मीच हट्ट धरून बसले. आता नाही धरणार. तुम्ही हे परत बांधा, इथेच राहा. ती खोली सासूबाईंना देते, त्यांना आता एकटं ठेवता येणार नाही."

क्लिफर्डने तिच्याकडे बघितलं. मग शेताकडे बघितलं.

"बरं," तो म्हणाला.

तिने तिथेच नवऱ्याला फोन लावला आणि आईला आपल्याकडेच आणायला सांगितलं. जाताना तिने नॉर्मनचा हात हातात घेतला. "काका, बाबांकडे लक्ष ठेवा."

"ठेवतोच आहे की," नॉर्मन म्हणाला. ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

मोडके तुकडे घेऊन दोघे परतले. नॉर्मनची गाडीत बडबड चालली होती. नवीन लाकूड आणू, या खेपेला वरचा पंख आधी घेऊ, घाई कसली आहे? क्लिफर्ड खिडकीबाहेर बघत होता. नॉर्मन सवयीने शेडकडे वळला, तर क्लिफर्ड म्हणाला, "तिकडे नको. घरात आण."

नॉर्मन कित्येक महिन्यांनी त्या घरात पाऊल टाकत होता. भिंतींवर तसबिरी नव्हत्या. गालिचा गुंडाळून दोरीने बांधला होता. दारापासून जिन्यापर्यंत खोकी रचली होती.

क्लिफर्ड एका खोक्यावर बसला आणि चष्मा काढून पुसू लागला. "ख्रिसमसपासून सगळं बांधून ठेवलंय," तो म्हणाला. "जवळचं दिसत नाही रे हल्ली, शिवणी वाकड्या जायच्या. नाहीतर विमान कधीच उडवलं असतं आणि हिवाळ्याआधीच पोरीकडे गेलो असतो."