कुसाबाचं कोपर

“कोपर धरलं त्यानं. आठव्या डावात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं,” हिराओका म्हणाला आणि हातातलं गरम कोरोक्के न खाताच बशीत ठेवलं.

इशिएच्या दुकानात बटाट्याची कोरोक्के तळली जात होती, पण आज कुणाचंच लक्ष खाण्यात नव्हतं. फळीवर सकाळचं वर्तमानपत्र उघडं पडलं होतं. ‘पिचर कुसाबाचा हात गेला? रविवारच्या फायनलवर सावट.’

“गेला म्हणे!” इशिएनं तेलातला झारा काढून बातमीवर रोखला. “हात काय रुमाल आहे का, कुठेतरी विसरून जायला? ह्या पेपरवाल्यालाच तळायला हवं.”

कुसाबा शाळकरी पोरगा, शाळेच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. वय अठरा, शाळेचं शेवटचं वर्ष. असा पिचर आपल्या प्रांतात झाला नाही, असं म्हातारेकोतारे सांगत, आणि म्हातारे सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. रविवारी प्रांताची फायनल होती. जिंकेल ती शाळा कोशिएनच्या मैदानावर, अख्ख्या जपानसमोर खेळायला जाणार. हरेल ती घरी. वसंतात पोरगं शाळा सोडणार, म्हणजे असा सामना ह्या जन्मात पुन्हा नाही.

इशिएचं मागणं एवढंच होतं. रविवारी कुसाबा मैदानात उभा राहायला हवा, आणि धडधाकट उभा राहायला हवा.

गेल्या दोन वर्षांत तिनं त्याचा एकही मोठा सामना चुकवला नव्हता. वळणारा चेंडू टाकण्याआधी तो टोपी किंचित खाली ओढतो, हे तिला त्याच्या आईच्याही आधी कळलं असेल. गेल्या वर्षीची फायनल संपली तेव्हा ती मैदानापासून घरापर्यंत रडत आली होती. तिनं घड्या घातलेले कागदी करकोचे त्या दिवशी त्याच्याच हातात गेले होते. पोरगं कमरेत वाकून आभार मानून गेलं होतं. वळण चांगलं होतं मेल्याला.

“मी काय म्हणतो, मावशी,” मासेवाला ताकुमा कोपऱ्यातून म्हणाला, “बसू दे की त्याला रविवारी. बरंच होईल.”

इशिए झाऱ्यासकट गर्रकन वळली.

“काय म्हणालास?”

“म्हणजे... हाताला आराम...”

“हाताच्या काळजीनं बोलतोयस होय रे?”

ताकुमानं फळीवरच्या वर्तमानपत्राची उगाचच घडी घातली.

“खरंच दुखत असेल तर बसू दे. मीच पहिली सांगेन. लेकरू आहे ते, यंत्र नाही. पण दुखतंय की नाही हे कुणी बघितलंय? पेपरात आलं, आणि सगळे हात जोडून मोकळे! मी नाही गप्प बसणार.” इशिएनं चूल बंद केली. भर दुपारी तिनं चूल बंद केल्याचं गल्लीनं आजवर पाहिलं नव्हतं. “कागद काढा. दुखणाईताला हजार करकोचे नेतात ना? हजार करायचे. उद्या घेऊन जायचं आणि समोरासमोर विचारायचं.”

“हजार? एका दिवसात?” हिराओका दचकला. जन्मभर त्यानं बस चालवलेली, बोटं केळ्यांएवढी जाड.

“गल्लीत माणसं काय शोभेला आहेत?”

मग सगळी गल्ली बसली. न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या हातातसुद्धा कागद दिला. हिराओकाचा पहिला करकोचा पाहून इशिए म्हणाली, “हे बदक कुणाचं?”

“उडाल्याशी मतलब,” हिराओका म्हणाला.

ताकुमा जरा वेळ दारात घुटमळला. मग आत येऊन बसला. “माझ्या हाताला माशांचा वास येतो.”

“येऊ दे. करकोचे मासेच खातात.”

त्यानं सगळ्यांत जास्त केले.

शनिवारी सकाळी इशिए, हिराओका आणि ताकुमा तिघं बसनं पूल ओलांडून कुसाबाच्या घरी पोचले. करकोच्यांच्या माळा हिराओकानं मांडीवर अशा धरल्या होत्या, जणू पहिलं नातवंडच. दार पोराच्या आईनं उघडलं. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले. इशिएनं वाटेत चांगली चार वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरली.

“कोपर कसं आहे?” तिनं सरळ विचारलं.

“डॉक्टरांनी फोटो काढले,” आई म्हणाली. “हाड चांगलं आहे, शिराही चांगल्या. नुसतं आखडलं होतं. उद्या खेळायला त्यांची हरकत नाही.”

हिराओकानं मोठ्यानं नाक शिंकरलं. इशिए उंबऱ्याशीच खाली बसली. “वाटलंच होतं मला! वाटलंच होतं!” तिला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून तिनं ताकुमाच्या पाठीत एक धपाटा घातला.

आईनं माळा हातात घेतल्या आणि तिचे डोळे भरून आले. “कालपासून फोनवर फोन येतायत. सगळ्यांचं एकच, उद्या आपण हरणार का? त्याचा हात कसा आहे हे विचारायला पहिले तुम्ही आलात.” ती खोल वाकली. “असे पाठीराखे असल्यावर आमची शाळा उद्या नक्की कोशिएनला जाणार. उद्या आमच्या शेजारीच बसा, मी जागा धरून ठेवते.”

इशिए उठली. गुडघे झटकले.

“आम्ही समोरच्या बाजूला बसणार, बाई. आम्ही नदीपलीकडच्या शाळेचे. गेल्या वर्षी हरलो तेव्हा रीतीप्रमाणे आमचे करकोचेही त्यालाच दिले. दोन वर्षं तुमच्या पोरानं माझ्या नातवाच्या बॅटला एक चेंडू लागू दिलेला नाही, आणि त्याचंही हे शेवटचंच वर्ष आहे. तेव्हा आज पोराला पोटभर खाऊ घाला आणि लवकर झोपवा. उद्या आम्ही त्याला हरवणार आहोत, आणि हात दुखत होता असं मागून कुणी म्हणायला नको.”