गोदामाचा फोन

आखाडा बाळापुरात शेजारचं गोदाम जळालं, तेव्हा वैजनाथनं धसका घेऊन आपल्या हळदीच्या गोदामात धुराचं यंत्र बसवलं. धूर झाला, की ते थेट त्याच्या मोबाइलवर फोन लावी. निरोप बायकोनं, प्रतिक्षानं, आपल्या आवाजात भरला होता: "गोदामात आग लागली, लवकर या." भरताना तिला हसू आवरत नव्हतं.

पहिला फोन आला, तेव्हा दोघं धावत सुटले. गोदामात धुराचा वासही नव्हता. पुन्हा आला, तेव्हा निरोपात ती खोकत होती.

"मी कवा खोकले वो?" प्रतिक्षा म्हणाली.

वैजनाथनं वायरी तोडून यंत्र घरी आणलं, फळीवर टाकलं.

आज दोघं जेवायला बसले आणि फोन वाजला. यंत्र फळीवर तसंच पडलेलं होतं. वैजनाथनं फोन स्पीकरवर घेतला; आवाज प्रतिक्षाचाच होता.

"अहो, दार उघडा. मी आत हाय." मग लोखंडी दारावर हाताचे तडाखे. "बाहेरून कुलूप काहून लावलं?"

समोर प्रतिक्षाच्या हातातला घास तसाच राहिला. ती फोनकडं नाही, वैजनाथकडं बघत होती.

"मी न्हाई लावलं," तो म्हणाला.

गोदामाची किल्ली काढायला त्यानं खिशात हात घातला, आणि चटका बसून झटक्यानं मागं घेतला.