माळेतले सात रुपये

सातवा रुपयाही खोटा निघाला, तेव्हा लीलाधर सरांना झालेला आनंद त्यांनी रुमालात शिंकून लपवला.

पिंपळनेरला तोताराम नानांच्या ओसरीत पाटावर तराजू, पाण्याचा पेला आणि भिंग मांडलेलं होतं. पुढ्यात राणीच्या छापाच्या एकवीस रुपयांची माळ. चौदा रुपये चांदीचे होते. सात पितळेचे, वर चांदीचा मुलामा. त्याबद्दल वाद नव्हताच. साक्रीच्या सोनाराने ते पन्नास वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. ते सात माळेत आले कधी, एवढाच प्रश्न होता.

नानांची थोरली वहिनी भिकुबाई पायरीखाली बसली होती. तिच्या लग्नात सासूने ही माळ तिच्या गळ्यात घातली. विसाव्या दिवशी एक कडी सैल झाली म्हणून माळ सोनाराकडे गेली आणि तिथे सात रुपये खोटे ठरले. नव्या सुनेने खरे रुपये माहेरी पोचवले, असं घराने एका दुपारी ठरवून टाकलं. त्या दिवसापासून तिची चूल गोठ्याशेजारी. नवऱ्याने दुसरी केली नाही, पण तिच्याशी पुन्हा बोललाही नाही. तसाच न बोलता तो एक दिवस वारला. घरातल्या नवरीला माळ घालायची ती घरातल्या सर्वांत वडील बाईने, सवाष्ण असो की विधवा, असा या घराचा रिवाज. आता वडील भिकुबाईच होती. परवा नानांच्या नातीचं, कामिनीचं लग्न होतं.

त्याआधी आपल्यावरचा आळ पुसावा म्हणून भिकुबाई एसटीने दोनदा जळगावला जाऊन आली होती. तिथे निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक खोटी नाणी जमवतात आणि त्यांच्यावर लेख लिहितात, असं तिने ऐकलं होतं. पहिल्या भेटीत तिने एकच गोष्ट विचारली होती.

"नाणं कवाचं शे, ते समजस का?"

"समजतं," सर म्हणाले होते.

आणि ते समजलं होतं. पितळ चांदीपेक्षा कठीण असतं. खोट्या रुपयांच्या कंगोऱ्यांनी शेजारच्या खऱ्या रुपयांच्या कडांवर खाचा पाडल्या होत्या, चांगल्या अर्धा मिलिमीटर खोल. माळ रोज गळ्यात राहिली तरी इतकी झीज व्हायला चाळीस वर्षं लागावीत. भिकुबाईच्या गळ्यात ती वीस दिवस होती, आणि त्यानंतर पेटीतून फक्त लग्नांपुरती निघाली होती. म्हणजे हे सात रुपये तिच्या जन्माच्याही आधीपासून इथे होते. सरांनी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा ती निर्दोष होती.

परंतु भिंगाखाली आणखी काही दिसलं होतं. राणीच्या हनुवटीखालून निघालेली, केसाएवढी बारीक रेघ. नाणी पाडता पाडता ठशाला चीर जाते आणि पुढच्या नाण्यांवर ती वाढत जाते. याच ठशाची दोन नाणी सरांच्या कपाटात होती. एकावर चीर जेमतेम सुरू झालेली, दुसऱ्यावर ती मुकुटापर्यंत पोचलेली. मधल्या पायऱ्या त्यांना बावीस वर्षांत कुठे मिळाल्या नव्हत्या. आता त्या ओळीने पाटावर मांडलेल्या होत्या.

"सर, खोटा रुपयाले जावाईसारखं जपीसन धरतस तुम्ही!" नाना हसले. मग त्यांचं हसू मावळलं. "आते सोपं सांगा. पहिलेपासूनचा शेतस, का हिनी टाकात?"

"समजा, पहिल्यापासूनचे असले तर?"

"त ती मन्ही मायनी निशानी शे. खोटा का व्हयेनात, एक बी घरबाहेर जाणार नही. माळ जशी शे तशी कामिनीना गळामा." नानांनी पायरीकडे बघितलंही नाही. "आन हिनी टाकेल व्हतीन त ते पाप माले घरमा नको. साती बठ्ठा उचला आन लई जा."

फोटो काढून काम भागेल का, हे सरांनी मनाशी तपासून पाहिलं. भागलं नसतं, धातूचं पृथक्करण फोटोवरून होत नाही. भिकुबाईचं वय त्यांनी अडुसष्ट धरलं. तिची उरलेली वर्षंही त्यांनी धरली. गणित त्यांना अवघड गेलं नाही.

"नवे आहेत," ते म्हणाले. "एकोणीसशे सत्तरच्या आसपासचे."

दाराआडून नानांच्या बायकोचा, बेबाबाईचा आवाज आला. "पन्नास वरीस गाय बनीसन बसनी व्हती!"

नानांनी पकड मागवली. सात कड्या एकेक करून तुटल्या. सरांनी रुपये कापसात गुंडाळून डबीत ठेवले, प्रत्येक वेगळा, आणि डबीवर चिठ्ठी लावायचं काम घरी गेल्यावर करायचं ठरवलं. ओसरीवर कोणी त्यांना चहा आणून दिला. तो गोड होता.

भिकुबाई उठून पायरीशी आली. ती रडत नव्हती. भरलेल्या डबीकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"सर, तुमनं यंत्र चुकस का?"

"यंत्र चुकत नाही," सर म्हणाले. हे उत्तर अचूक होतं.

तिने मान हलवली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, नानांच्या पायांशी वाकली आणि हळूच, जणू स्वतःलाच समजावत म्हणाली, "मंग मीच बदलात व्हई, नाना. मालेच याद नही."