डबा उघडण्याआधी

शनिवारची जेवणाची सुट्टी झाली, तरी शिंप्याने अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं.

रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळकांनी सगळ्या मंडळीला उभं केलं होतं. "या आठवड्यात प्रत्येकाने एकाला तरी प्रभूबद्दल सांगायचं. फार नको, एकाला." शिंप्याने मान डोलावली आणि त्याच्या डोळ्यांसमोर सुतार आला. दुसरं कोण येणार? सोफ्याच्या कारखान्यात सुतार लाकडी सांगाडा ठोकायचा आणि हा त्यावर कापड चढवायचा. इतक्या वर्षांत दुखणी, भांडणं, पोरांचे प्रताप, सगळं एकमेकांना सांगून झालं होतं. हे तेवढं राहिलं होतं.

आठवडाभर तो संधी शोधत होता, आणि संधी आली की खिळे पुरतील का म्हणून विचारत होता.

"भाऊजींना सांगायला कसली लाज?" सकाळी बायको म्हणाली.

"लाज नाही गं. तो म्हणेल, इतकी वर्षं शेजारी बसून जेवलास ते यासाठी?"

आता दोघं एका अर्धवट सोफ्यावर बसले होते. कापड अजून चढायचं होतं, त्यामुळे बूड स्पंजात रुतत होतं. शिंप्याने नेहमीसारखे डोळे मिटले, ओठ हलवले, डोळे उघडले. मग डब्याला हात न लावताच म्हणाला, "तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"नोकरी सोडतोयस?"

"नाही रे. देवाचं आहे."

"कुठल्या, तुझ्या?"

"हो." पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "म्हणजे, रविवारी आम्हाला सांगितलं, एकाला तरी सांगा..."

"आणि तुला मी सापडलो."

"तसं नाही..."

"तसंच आहे." सुताराने डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं. "रोज माझ्या शेजारी बसून डोळे मिटतोस, पुटपुटतोस. कितीही भूक लागली असली तरी मी थांबतो. वाटायचं, आज ना उद्या सांगेल हा काय बोलतो ते. मग म्हटलं असेल घरचं काही, आपण कशाला विचारा. आणि आज सांगतोयस, तेही कुणीतरी सांगितलं म्हणून."

शिंप्याचे कान तापले. "तुला आवडणार नाही असं वाटलं."

"विचारलंस कधी?"

पलीकडे कुणीतरी हातोडी खाली टाकून हात धुवायला गेलं.

"सांग आता," सुतार म्हणाला. "पाळकांचं राहू दे. तू जे पुटपुटतोस ते सांग. मोठ्याने."

शिंप्याने इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटले. "प्रभू, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो. ज्यांना मिळालं नाही त्यांना दे. घरच्यांना सांभाळ. धाकटीच्या डोक्यात गणित शिरू दे." इथे तो अडखळला. मग तसंच रेटून म्हणाला, "आणि या माझ्या मित्राला एकटं पडू देऊ नकोस. त्याला रात्री झोप लागू दे."

डोळे उघडले तेव्हा सुतार त्याच्याकडे बघत होता.

"हे कधीपासून?"

"वहिनी आजारी पडल्या तेव्हापासून. तेव्हा त्यांच्यासाठी मागायचो. बरं कर म्हणायचो."

"रोज?"

"रोज."

"पण ती गेली."

अशा प्रश्नांची उत्तरं शिंप्याने खूप वेळा ऐकली होती. ऐकताना ती पटलीही होती. आता ती त्याने बाजूला ठेवली.

"हो," तो म्हणाला. "गेल्या. नंतर किती तरी दिवस मी नुसते डोळे मिटून बसायचो. बोलतच नव्हतो त्याच्याशी."

"कुणाशी?"

"देवाशी. अबोला धरला होता."

"माझ्या बायकोवरून?"

"मग काय करू? इतकं मागितलं होतं."

सुतार त्याच्याकडे बघतच राहिला. "आधी कोण बोललं मग?"

"मीच. राहवेना."

सुताराने नाक पुसलं. बोटांना चिकटलेला लाकडाचा भुसा मिशीला लागला. "तुझं बरं आहे," तो हळूच म्हणाला. "अबोला धरायला तुला कुणीतरी होतं."

शिंप्याने आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. दोघांचेही डबे तसेच होते.

"अजून मागतोस तिच्यासाठी?"

"आमच्यात गेलेल्यांसाठी मागत नाहीत. त्या आता देवाच्या हवाली आहेत."

"मग मागू नकोस काही." सुतार खाली बघत म्हणाला. "नुसतं नाव घे. ती गेल्यापासून कुणी घेतच नाही. सगळे 'ती' म्हणतात, 'तुझी बायको' म्हणतात. मुलंसुद्धा माझ्यासमोर विषय टाळतात."

शिंप्याने आयुष्यभर तिला तोंडावर वहिनीच म्हटलं होतं. नाव घेतलं होतं ते फक्त डोळे मिटून, मनातल्या मनात. त्याने पुन्हा डोळे मिटले. या वेळी सुतारानेही मिटले, जरा अवघडून, जमतंय की नाही अशा शंकेने.

"प्रभू," शिंपी म्हणाला, आणि त्याने तिचं नाव घेतलं, स्पष्ट, हाक मारावी तसं.

सुताराने चटकन डोळे उघडून दाराकडे पाहिलं, जणू ती हाकेसरशी आत येणार होती.